जवसाच्या तेलातली फुले

जवसाचे शेत तुम्ही पाहिले असेल. विदर्भात आणि मराठवाड्यात रब्बीला जवस पेरतात. पीक फुलावर आले की शेत निळे दिसते. पुढे बोंडे वाळतात. मळणी करून दाणे काढतात. दाण्यांची चटणी होते. दाणे घाण्यावर घातले की तेल निघते.

हेच तेल चित्रे काढायला लागते, असे कोणी सांगितले तर खरे वाटेल का? पण ते खरे आहे. जगातली कितीतरी नावाजलेली चित्रे जवसाच्या तेलात रंग कालवून काढलेली आहेत. अशा चित्राला तैलचित्र म्हणतात.

आज आपण असेच एक तैलचित्र पाहू. त्यात एक घर आहे. घरापुढे फुलेच फुले आहेत. असे चित्र कसे काढतात, त्यातली फुले एवढी झळझळीत कशी दिसतात, ते समजून घेऊ. आणि ज्याने ते काढले, त्याच्या घरात तेव्हा काय चालले होते, तेही ऐकू.

चित्रात काय आहे?

चित्र सुमारे 5 फूट उंच आणि 4 फूट रुंद आहे. आपण जणू वाटेच्या खालच्या टोकाला उभे आहोत. वाट समोर चढत जाते. पुढे पायऱ्या लागतात. पायऱ्यांच्या वर घर आहे. घरावर निळे आभाळ आणि पांढरे ढग आहेत.

वाटेच्या दोन्ही अंगांना सूर्यफुले आहेत. माणसापेक्षा उंच वाढलेली. वाटेवर निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या मोठ्या कुंड्या मांडल्या आहेत. त्यांतही फुले आहेत. वाटेच्या मध्ये एक लहान मुलगा आपली खेळातली गाडी घेऊन उभा आहे. मागे पायऱ्यांवर एक बाई आणि आणखी एक मूल दिसते.

बस्स, एवढेच चित्र. यात राजा नाही, लढाई नाही, देव नाही. एक घर, एक बाग आणि ऊन.

हे चित्र फ्रान्स देशातल्या एका चित्रकाराने 1881 साली काढले. त्याचे नाव क्लोद मोने. गावाचे नाव वेतेय. हे गाव पॅरिस शहरापासून सुमारे 60 किलोमीटरवर, सेन नदीच्या काठी आहे.

घर कोणाचे?

चित्र पाहून तुम्ही म्हणाल, हा चित्रकार मोठा सुखी असला पाहिजे. असे घर, अशी बाग, अशी पोरे! पण तसे नव्हते.

घर त्याचे नव्हते. ते भाड्याचे होते. मोने 1878 साली बायकोमुलांना घेऊन वेतेयला राहायला आला. त्याच्याबरोबर एका स्नेह्याचे कुटुंबही आले. त्या स्नेह्याचे 1877 साली दिवाळे निघाले होते. मोनेची दोन मुले आणि त्या कुटुंबाची सहा, अशी आठ मुले एका घरात. चित्रांना भाव येत नव्हता. पैशाची ओढाताण रोजचीच.

त्यातच मोनेची बायको कामीय आजारी पडली. 5 सप्टेंबर 1879 रोजी ती वारली. ती अवघी 32 वर्षांची होती. धाकटा मुलगा मिशेल तेव्हा दीड वर्षाचा होता.

मोनेने तिच्या मृत्युशय्येजवळ बसून तिचे चित्र काढले. पुढे म्हातारपणी त्याने आपल्या एका जुन्या मित्राला ही गोष्ट सांगितली. तो मित्र क्लेमांसो, फ्रान्सचा पंतप्रधान झालेला. मोने त्याला म्हणाला, की समोर माझे माणूस गेलेले, आणि माझे डोळे मात्र आपोआप तिच्या चेहऱ्यावरचे बदलणारे रंग टिपत होते. या गोष्टीचे त्याला स्वतःलाच भय वाटले होते.

त्यानंतरचा हिवाळा फार कडक गेला. सेन नदी गोठली. 1880 च्या जानेवारीत बर्फ फुटले आणि त्याचे मोठमोठे तुकडे वाहू लागले. मोने थंडीत बाहेर उभा राहून तेही रंगवत होता.

मग 1881 चा उन्हाळा आला, आणि त्याने हे फुलांचे चित्र काढले. भाड्याच्या घराची बाग त्याने स्वतः लावली होती. मालकाची परवानगी घेऊन नदीकडे उतरणाऱ्या जमिनीवर फुलझाडे केली होती. चित्रातला गाडीवाला मुलगा म्हणजे मोनेचा धाकटा मिशेल, असे मानतात. तो तेव्हा 3 वर्षांचा होता.

आता हे चित्र ज्या रीतीने काढतात, ती रीत पाहू.

तेल का लागते?

रंग म्हणजे मुळात भुकटी. गेरू तुम्ही पाहिला आहे. गेरू ही लाल मातीच. तसेच हिंगूळ लाल असतो, कोळसा काळा असतो. या भुकट्या कशात तरी कालवल्याशिवाय भिंतीला किंवा कापडाला धरत नाहीत. आपण गेरू पाण्यात कालवतो. तो वाळला की हाताला लागतो. पावसाने धुऊन जातो.

खोबरेल तेलात कालवला तर? तो वाळणारच नाही. महिना झाला तरी चिकट राहील. वर धूळ बसेल.

जवसाच्या तेलाचा गुण निराळा आहे. ते वाळते. पण पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि घट्ट होते. पाणी वाळले की वजन कमी होते. हे तेल वाळताना मात्र त्याचे वजन उलट थोडे वाढते! दाराच्या तेलरंगाचा डबा उघडा राहिला तर वर साय धरते. तो हाच प्रकार. सुतार आणि रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, तेही उकळलेले जवसाचे तेलच.

म्हणून या तेलात कालवलेला रंग वाळल्यावर पातळ कातडीसारखा होतो. तो पाण्याने जात नाही. नीट जपला तर शेकडो वर्षे टिकतो.

दुसरा गुण असा, की तो सावकाश वाळतो. पातळ थर हाताला न लागण्याइतका वाळायला काही दिवस लागतात. जाड थराला महिनेही लागतात. म्हणजे चित्रकाराला वेळ मिळतो. चुकले तर सुरीने खरवडता येते. एक रंग दुसऱ्यात ओला असतानाच मिसळता येतो.

आणि एक गंमत ऐका. असे चित्र कापडावर काढतात. त्यासाठी जुन्या काळापासून लिननचे कापड वापरत आले आहेत. ते लिनन कशाचे? जवसाच्याच झाडाच्या धाग्याचे. युरोपात धाग्यासाठी जवसाची उंच जात लावतात. म्हणजे कापडही जवसाचे आणि तेलही जवसाचे.

कापड तयार करणे

कापड लाकडी चौकटीवर ताणून ठोकतात. चारपाईची नवार जशी ताणतो, तसे. ढिले राहता कामा नये.

त्यावर लगेच रंग लावायचा नाही. तेल थेट कापडाला लागले तर कापड काही वर्षांत कुजते, ठिसूळ होते. म्हणून आधी सरस किंवा तसाच दुसरा लेप देतात. त्यावर पांढरे अस्तर देतात. घराच्या दाराला आपण आधी अस्तराचा हात देतो ना? तेच इथे.

रंग भरण्याची पूर्वी मोठी अडचण होती. कालवलेला रंग उरला की डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. ती पिशवी फुटे, रंग वाळून जाई. 1841 साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची नळी काढली. दाबली की हवा तेवढा रंग बाहेर येतो, झाकण लावले की आतला ओला राहतो. आपल्या दंतमंजनाच्या ट्यूबसारखी. ही नळी आल्यावर रंग पिशवीत टाकून शेतात, नदीकाठी, बागेत जाणे सोपे झाले. मोने बाहेर उन्हात उभा राहून चित्रे काढू शकला, त्यात या नळीचा वाटा आहे.

पहिले काम: नुसते बघणे

आता चित्र काढायचे. समोर घर आहे, फुले आहेत. लगेच कुंचला उचलायचा नाही. आधी बघायचे.

ऊन कोणत्या बाजूने येते? घराची कोणती भिंत उजळली आहे? कोणती सावलीत आहे? सावली वाटेवर कुठवर आली आहे? हे मनाशी ठरवायचे. कारण ऊन थांबत नाही. दोन तासांत सावली सरकते. सकाळी सुरू केलेले चित्र दुपारच्या उन्हात पुरे केले, तर घराची सावली एकीकडे आणि झाडाची दुसरीकडे पडते. म्हणून त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते.

मग घराच्या रेघा. इथे गवंड्याची अक्कल कामी येते. गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने बघतो. चित्रकार कुंचला हात लांब करून समोर उभा धरतो, एक डोळा मिटतो आणि घराचा कोपरा कुंचल्याशी जुळवून बघतो. त्याच कुंचल्यावर अंगठा सरकवून माप घेतो. दार केवढे, भिंत दाराच्या किती पट उंच, ते असे ठरते.

वाट काढताना आणखी एक गोष्ट. सरळ सडकेवर उभे राहून दूर पाहा. सडक पुढे अरुंद होत गेलेली दिसते. ती खरी अरुंद होत नाही, तशी दिसते. मोनेच्या चित्रात वाट खाली रुंद आहे, वर घराजवळ अरुंद आहे. त्यामुळे सपाट कापडावर खोली वाटते. आपण वाटेने चालत वर जाऊ, असे वाटते.

दुसरे काम: डोळे बारीक करणे

नवशिका माणूस इथेच फसतो. त्याला शंभर फुले दिसतात. तो पहिल्या फुलाची एक एक पाकळी काढत बसतो. दिवस संपतो, चार फुले होतात.

त्यावर एक सोपा उपाय आहे. डोळे बारीक करा. अर्धे मिटा. आता पाकळ्या दिसत नाहीत. काय दिसते? वर आभाळाचा एक उजळ तुकडा. मध्ये घराचा तुकडा. दोन्ही बाजूंना झाडांचे काळपट हिरवे ढीग. त्यांवर पिवळे ठिपके. खाली वाटेचा फिकट पट्टा. चित्र म्हणजे असे पाच-सहा मोठे तुकडे. आधी हे तुकडे जागेवर बसवायचे. फुले शेवटी.

शेतात आधी नांगरट, मग पेरणी. तसेच हे.

तिसरे काम: पातळ आधी, जाड नंतर

गवंडी गिलावा करतो तेव्हा थरांचा क्रम असतो. तेलरंगाचाही क्रम आहे.

पहिला थर पातळ लावतात. रंगात थोडे टर्पेंटाइन घालतात. टर्पेंटाइन म्हणजे चिडाच्या झाडाच्या डिंकापासून काढलेला पातळ अर्क. तो उडून जातो, म्हणून खालचा थर लवकर वाळतो. वरच्या थरांत टर्पेंटाइन कमी आणि तेल जास्त.

उलटे केले तर काय होते? खाली तेलकट थर ओला राहतो. वरचा थर आधी वाळून कडक होतो. खालचा मागाहून हलतो, आकसतो. मग वरच्या थराला तडे जातात, उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तसे.

सावलीचे, गडद भाग आधी पातळ लावतात. उन्हाचे, उजळ भाग नंतर जाड लावतात. सूर्यफुलाच्या पिवळ्या रंगाचा जाड ठिपका उठून राहतो. कुंचल्याच्या केसांच्या रेघाही त्यात दिसतात. त्यावर ऊन पडले की तो आणखी चमकतो.

पांढरी भिंत पांढरी नसते

इथे डोळ्यांना एक नवी सवय लावावी लागते. आपल्याला माहीत असते, की भिंत पांढरी आहे. म्हणून आपल्याला ती पांढरीच दिसते. पण तशी ती नसते.

संध्याकाळच्या उन्हात चुन्याची भिंत बघा. शेजारी कोरा कागद सावलीत धरा. भिंत पिवळसर दिसेल. कागद निळसर दिसेल. का? ऊन पिवळसर असते. सावलीत ऊन पोचत नाही, तिथे निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. म्हणून मोकळ्या आभाळाखालची सावली निळसर असते.

जुने चित्रकार सावली बहुधा तपकिरी किंवा काळपट काढीत. मोने आणि त्याच्या सोबत्यांनी सावली निळी, जांभळी काढली. लोक तेव्हा हसले. म्हणाले, यांचे डोळे बिघडले आहेत. पण डोळे बिघडले नव्हते. लोकांनी सावलीकडे नीट पाहिलेच नव्हते.

हिरव्याचेही असेच. नळीतला हिरवा रंग जसाच्या तसा सगळीकडे लावला तर झाडे पत्र्याची वाटतात. उन्हातले पान पिवळट हिरवे, सावलीतले निळसर हिरवे, वाळके तांबूस. म्हणून निळा, पिवळा आणि थेंबभर लाल असे कालवून निरनिराळे हिरवे करावे लागतात.

रंग फार लागतात असे नाही. 1905 साली एका पत्रात मोनेने आपले रंग मोजून सांगितले होते. पांढरा, पिवळा, हिंगुळासारखा लाल, मंजिष्ठासारखा गडद लाल, निळा आणि हिरवा. फक्त सहा. काळ्याचे नावही त्यात नाही.

फूल झळझळते कशाने?

आता खरी मेख. बाजारातला सगळ्यात भडक पिवळा आणला तर फूल झळझळेल का? नाही.

याची एक खरी हकीगत आहे. पॅरिसमध्ये चित्रांचे पडदे विणणारा मोठा सरकारी कारखाना होता. तिथे रंगाईच्या कामावर शेव्रल नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे तक्रार आली. निळ्या आणि जांभळ्या कपड्यांच्या घड्यांत सावली दाखवायला काळे सूत वापरले, ते फिके दिसते, रंगाई कच्ची आहे.

शेव्रलने ते काळे सूत दुसरीकडच्या चांगल्या काळ्या सुताशी ताडून पाहिले. सूत अगदी चांगले होते. रंगाईत खोट नव्हती. मग खोट कुठे? शेजारात! निळ्याच्या शेजारी ठेवले की तेच काळे सूत फिके दिसे. दुसऱ्या रंगाशेजारी ठेवले की ते पुन्हा चांगले काळे दिसे. शेव्रलने यावर पुष्कळ प्रयोग केले आणि 1839 साली मोठे पुस्तक छापले. त्याचे सार असे: रंग एकटा नसतो. शेजारचा रंग त्याला चढवतो किंवा पाडतो.

हे आपल्याला ओळखीचे आहे. दसऱ्याला दाराला तोरण बांधतो. नुसत्या झेंडूचे तोरण चांगले दिसते. पण मध्ये आंब्याची हिरवी पाने घातली की झेंडू पेटल्यासारखा दिसतो. झेंडू तोच. शेजार बदलला. लाल लुगड्याला हिरवा काठ का शोभतो, तेही यातच आले.

आता मोनेचे चित्र पुन्हा पाहा. सूर्यफुलांचा पिवळा झळकतो, कारण मागे गडद हिरवे ढीग आहेत आणि वर निळे आभाळ आहे. वाटेवरचे ऊन ऊन वाटते, कारण शेजारी निळसर जांभळी सावली आहे. सगळेच भडक असते तर काहीच भडक दिसले नसते. सगळेच ओरडले तर कोणाचेच ऐकू येत नाही.

म्हणून फुलांचे चित्र काढणाऱ्याने फुलांपेक्षा फुलांच्या मागची सावली नीट काढावी. पिवळ्याला जोर सावली देते.

फुले शेवटी

मोठे तुकडे बसले, सावल्या बसल्या, की मग फुले. स्वच्छ कुंचला घ्यायचा. पिवळ्यात चुकून काळपट हिरवा मिसळला की पिवळा मळतो. जवळची फुले मोठी आणि ठळक. दूरची नुसते ठिपके. दूरच्या फुलाच्या पाकळ्या आपल्याला दिसतच नाहीत, मग काढायच्या कशाला?

आणि थांबायचे. हे सगळ्यात अवघड. भाकरी तव्यावरून वेळेवर काढावी लागते. चित्रही तसेच. फार घोटले की रंग एकमेकांत मिसळून राखेसारखा होतो.

जपायच्या गोष्टी

तेलरंगाचे काम करताना काही गोष्टी जपाव्या. दाराखिडक्यांना रंग देणाऱ्यांनीही त्या लक्षात ठेवाव्या.

जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चोळामोळा करून ढिगात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते. ढिगात ती कोंडते. काडी न लावता चिंधी आपोआप पेटू शकते! अशा चिंध्या बाहेर, एक एक पसरून वाळवाव्या, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवाव्या.

मोनेच्या काळचा पांढरा रंग शिशाचा असे. शिसे विषारी. पोटात गेले तर पोरांच्या मेंदूला इजा होते. आता चित्रांच्या कामाला टायटेनियमचा पांढरा सर्रास मिळतो, तो घ्यावा. काही लाल-पिवळे रंगही विषारी असतात. काम झाले की हात साबणाने धुवावे. रंगाचा कुंचला तोंडात धरू नये. टर्पेंटाइनचा वास कोंडलेल्या खोलीत घेऊ नये, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या.

आपल्याकडे तैलचित्र

तेलरंगाची ही रीत आपल्याकडे युरोपातून आली. केरळातले राजा रविवर्मा यांनी ती उचलली आणि त्या रंगांत आपल्या देवादिकांची चित्रे काढली. 1894 साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून छापलेल्या लक्ष्मीच्या आणि सरस्वतीच्या तसबिरी घरोघर गेल्या. आजही देवघरात जी लक्ष्मी दिसते, तिच्यावर त्या मूळ तैलचित्रांची छाप असते. तेव्हा जवसाच्या तेलातले चित्र आपल्याला अगदीच परके नाही.

पुढे काय झाले?

1881 च्या डिसेंबरात मोनेने वेतेयचे घर सोडले. बाग तिथेच राहिली. कामीयची कबरही त्याच गावात राहिली. पण निळ्या-पांढऱ्या कुंड्या त्याने बरोबर नेल्या. जिथे बिऱ्हाड नेई तिथे तो त्या नेई आणि नवी बाग लावी.

1883 साली तो जिव्हेर्नी नावाच्या गावी गेला. तिथेही आधी भाड्याचेच घर. पुढे चित्रे विकली जाऊ लागली आणि 1890 साली त्याने ते घर विकत घेतले. तिथली त्याची बाग आज जगातून लोक बघायला येतात. म्हातारपणी त्याला मोतीबिंदू झाला. रंग नीट दिसेनात. 1923 साली त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तो पुन्हा कामाला लागला. 1926 साली तो जिव्हेर्नीलाच वारला. तेव्हा तो 86 वर्षांचा होता.

वेतेयच्या बागेचे ते चित्र आज अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. ती सूर्यफुले त्याच वर्षी वाळून गेली असतील. गाडीवाला पोरगा मोठा झाला, म्हातारा झाला, गेला. चित्रातल्या वाटेवर मात्र तो अजून 3 वर्षांचा आहे, आणि त्याच्या डोक्यावर ऊन आहे.

ज्याच्या घरात दोन वर्षांपूर्वी एवढे दुःख झाले, त्याने हे ऊन काढले. त्याने दुःख झाकले असे नाही. चित्रात सावली आहेच. त्याने ती नीट पाहिली, तिला तिची जागा दिली, आणि तिच्या शेजारी फूल ठेवले.

तुम्ही हे करून पाहा

तेलरंग नसले तरी चालेल. एक कोरा पांढरा कागद घ्या. आपल्या घरासमोर एकाच जागी तीन वेळा उभे राहा: सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना. दर वेळी कागद भिंतीशेजारी धरा. भिंतीचा रंग कसा बदलतो ते बघा. डोळे बारीक करून सावली कोणत्या रंगाची आहे ते बघा. मग वहीत लिहा: सकाळी भिंत कशी होती, दुपारी कशी होती, संध्याकाळी कशी होती.

तीन ओळी पुरेत. आणि दाराशी एखादे झेंडूचे किंवा सदाफुलीचे रोप असेल, तर चौथी ओळ त्याच्यावर लिहा. त्याच्या मागे कोणता रंग आहे, तेही लिहायला विसरू नका.